पुरापलीकडचा सांगावा

माझी नात मोबाईल कंपनीत इंजिनिअर आहे. दिवाळीला घरी आली तेव्हा मी तिला म्हणालो, बाई, तू दिवसभर नेमकं काय करतेस ते मला कळेल असं सांग. तिनं एक जुनी लग्नपत्रिका उलटी केली. पाठीवर एक टॉवर काढला, एक फोन काढला आणि दोघांच्या मध्ये पाऊस काढला. सिग्नल चांगला असला की टॉवर भराभर बोलतो, म्हणाली, एका दमात पुष्कळ काही कोंबतो. सिग्नल खराब झाला की तो हळू होतो आणि मोकळं मोकळं बोलतो. फोन प्रत्येक तुकडा मिळाल्याचं उलट कळवतो. जो मिळाला नाही तेवढाच पुन्हा येतो. आणि जे हरवून चालणारच नाही, ते आधीपासून जास्तीचं, दोनदोनदा पाठवलेलं असतं.

"हे कोणी शोधून काढलं?" मी विचारलं.

तिनं दोन-तीन परदेशी नावं सांगितली आणि मला नीट कळावीत म्हणून पावसाच्या खाली लिहूनही दाखवली.

मी चिडलो. इतका चिडलो की हातातली बशी खाली ठेवताना चहा सांडला. पोर घाबरून आईला बोलवायला आत गेली. ऐंशी ओलांडलेल्या माणसानं असं चिडू नये असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांचं काय जातंय? त्यांचा बाप पूर्णेच्या काठावर उभा राहून ओरडलेला नव्हता.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट आहे. मी तारबाबू होतो. पुढं अमरावती आणि अकोला, दोन्हीकडं नोकरी झाली. हे ऑफिस कुठलं ते सांगत नाही, कारण तसं ऑफिस तेव्हा कुठंही सापडलं असतं. मोठी खोली, आठ टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर पितळेचं एक यंत्र दिवसभर कट्ट-कट्ट करत असायचं. त्याला साउंडर म्हणत. दोन ठोक्यांमधलं अंतर लहान असलं की टिंब, मोठं असलं की रेघ, आणि टिंब-रेघांची मिळून इंग्रजी अक्षरं. हे सगळं कानानं ओळखून हातानं लिहीत जायचं. आवाज उठून यावा म्हणून आम्ही साउंडरच्या मागं सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा खोचायचो. आठ यंत्रं एकदम वाजत असताना आपलंच ऐकायचं, ही त्या धंद्यातली खरी मेहनत होती.

माझी नोकरी पहिलं वर्ष कच्ची होती. वर्ष संपताना नागपूरहून साहेब येणार, माझी वही बघणार आणि ठरवणार, पक्का की घरी. आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेला मी पहिला माणूस. मी घरी परत गेलो असतो तर माझ्यामागं शाळेत बसलेल्या सगळ्यांच्या बापांनी विचारलं असतं, मग शिकवून काय उपयोग? वहीत एक रकाना होता. मजकूर लागला नाही आणि पलीकडच्या बाबूला 'पुन्हा पाठव' म्हणालो की त्या रकान्यात एक रेघ. माझं सगळं त्या रकान्यावर टांगलेलं होतं.

आमच्या खोलीचे मुख्य होते, त्यांना सगळे मोठे बाबू म्हणत. पुण्याकडचे. कान असा की चहा पिता पिता, पाठ फिरवून, तिसऱ्या टेबलावरचा मजकूर वाचून दाखवायचे. हे मी कबूल करतो, कारण खोटं बोलून राग सिद्ध करायची मला गरज नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गाव विचारलं, मग वडील काय करतात ते विचारलं. मी सरळ सांगितलं. आता शेतमजुरी करतात. आधी गावकीचं काम होतं, कोणाची मयत झाली की गावोगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवायचा.

"म्हणजे घराण्याचाच धंदा मिळाला की तुम्हाला," मोठे बाबू म्हणाले. सगळी खोली हसली. त्यात द्वेष होता असं मी म्हणत नाही. चहाबरोबर बिस्किट घ्यावं तसे ते हसले. त्याच दिवशी माझा पाण्याचा पेला माठाजवळून खिडकीत गेला आणि तिथंच राहिला.

टेबलं वाटताना मला डोंगराकडची लाइन दिली. ती लोखंडी तार परतवाड्याच्या पुढं सागाच्या जंगलात शिरायची. पाऊस पडला, नुसतं दव पडलं, एखादी ओली फांदी टेकली, तरी तारेतली वीज वाटेत गळायची. टिंबं मरायची. रेघा एकमेकींना चिकटायच्या. त्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत रेघांची रांग लागायची आणि म्हणून तिथं कोणी बसत नसे. मला बसवलं. श्रावण अर्धा झाला तोवर माझा रकाना काळा झाला होता.

एके दिवशी मोठ्या बाबूंनी माझी वही उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली. "कानच तयार नाहीत हो यांचे," म्हणाले.

यांचे. माझे नाही, यांचे. लाइन गळत होती हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी दोष तारेचा नाही, माझाही नाही, आमच्या सगळ्यांच्या कानांचा. मी काही बोललो नाही. आयुष्यात मी ज्या ज्या वेळी काही बोललो नाही त्या सगळ्या वेळा मला तारीखवार आठवतात.

त्या रविवारी गावी गेलो. आमचं गाव अकोल्याहून दर्यापूरला जाताना, पूर्णेच्या अलीकडे, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. मी जेवेना, म्हणून बानं विचारलं. मी सगळं सांगितलं, वही, रकाना, लाइन.

बा म्हणाला, "लाइन खराब हाय तं तू काय करतं?"

"काय करतो म्हंजे? पुन्हा पाठव म्हणतो."

"सारं?"

"सारं."

"सारं काहून? जे हरपलं तेवढंच माग ना."

इथं थोडं मागं जायला हवं. छप्पन सालच्या दसऱ्याला बा नागपूरला जाऊन धम्म घेऊन आला. आल्या आल्या त्यानं गावकीची घुंगरू लावलेली काठी चुलीत घातली. चारच दिवसांनी वरच्या आळीतून माणूस आला, मयत झाली आहे, सांगावा घेऊन निघ. बा ओट्यावर बसला होता. उठला नाही. "आता तार करा," म्हणाला. त्या तीन शब्दांपायी आम्हाला दीड वर्ष गावात कोणी मजुरीला बोलावलं नाही. पण त्या दिवसानंतर त्या कामाबद्दल बा एक अक्षर बोलला नव्हता. विचारलं की उठून जायचा. त्या रविवारी तो पहिल्यांदा बोलला, आणि बोलतानाही माझ्याकडे बघत नव्हता.

"पूर्णेले पूर आला का मले पलीकडं जाता ये नाई. अन् मयत काय थांबते? मंग मी अलीकडच्या काठावर उभा राहो. पलीकडं त्या गावचा आपला मानूस येऊन उभा राहे. मधात पानी असं गाजे का सोताचं बोलनं सोताले आयकू ये नाई."

"मग?"

"मंग काय. घाई नाई कराची. एक शब्द घ्याचा, लांबवाचा, सोडाचा. वारा पडला का दुसरा. त्याले समजला का तो खांद्यावरचा दुपट्टा वर करे. नाई केला तं तोच शब्द पुन्हा. बाकीचे नाई. अन् पानी कमी असलं तं लांबवाचं बी काम नाई, सरळ बोलाचं."

मी हातातला घास ताटात ठेवला होता.

"अन् 'नाई' हा शब्द दोनदा सांगाचा," बा म्हणाला. "दुपट्टा वर होवो का न होवो, दोनदा. थांबत नाई, नाई. तो एक पान्यात गेला तं लोकं समजतील थांबले हायत, अन् सावकाश येतील, अन् इथं राख. बाकीचं एखादं हरपलं तरी मानूस समजून घेते. जे हरपलं का घात होते ते दोनदा. शेवटी त्यानं सारं मले उलटून सांगाचं. मंगच मी घरी येवो."

माझ्या बाला लिहिता वाचता येत नव्हतं. कोणी कधी त्याच्या हातात कागद दिला नाही, दिला असता तरी ओट्यावरून खाली टाकूनच दिला असता. काय सांगायचं ते एकदा सांगून दार लावून घ्यायचे. सांगावा चुकला तर मात्र मार ठरलेला होता. त्या माराच्या भीतीतून, चार कोस चिखल तुडवून, पुराच्या पाण्यावरून शब्द कसा न्यायचा हे त्यानं शोधलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी संताप आला, की इतकी अक्कल या माणसाला कसल्या कामात घालवावी लागली.

सोमवारी मी डोंगराकडच्या बाबूला तारेवरूनच विचारलं. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. त्याची आई बाजारात संत्री आणि भाजी विकते एवढं एकदा बोलण्यात आलं होतं. पण त्याचा हात मला पाठ होता. तारबाबू एकमेकांना हातानंच ओळखतात, कोण टिंब दाबून मारतो, कोण रेघ ओढतो. तोही पुन्हा पुन्हा पाठवून कंटाळला होता, लगेच तयार झाला. पाऊस असेल तेव्हा टिंब जरा जड मारायचं, शब्दाशब्दांत जागा सोडायची. शब्द मिळाला की मी ठोके पाठवायची माझी कळ दाबून एकच ठोका द्यायचा. ठोका गेला नाही तर तोच शब्द पुन्हा. घात करणारे शब्द दोनदा. कोरडा दिवस असेल तर यातलं काही नाही, नेहमीसारखं भरधाव.

चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, ही युक्ती कोणाची? मी ठोकलं, बापाची. त्यानं विचारलं, तारबाबू होते का? मी ठोकलं, नाही, मयतीचे सांगावे न्यायचे, नदीवरून दुपट्ट्याच्या खुणेनं. लाइन जरा वेळ शांत राहिली. मला वाटलं, संपलं. मग त्याचा जड हात आला: मग आपल्या ठोक्याला दुपट्टाच म्हणू. तेव्हापासून आम्ही तसंच म्हणत होतो. भाद्रपदात माझ्या वहीच्या रकान्यात तीन रेघा आल्या. आश्विनात एकही नाही.

मोठ्या बाबूंच्या ते लक्षात आलं नसतं तरच नवल. ते दोन दिवस माझ्या मागं उभे राहून ऐकत होते. एकदाही मला काही विचारलं नाही.

साहेब आले ते हिवाळ्यात. साहेब भले होते, हे मुद्दाम सांगतो, म्हणजे ते दुष्ट होते अशी सबब मला उरत नाही. त्यांनी माझी वही उलटी सुलटी चाळली. श्रावणातला काळा रकाना बघितला, आश्विनातला पांढरा बघितला. त्यांनी डोंगराकडून एक मजकूर मागवला, आणि त्या दिवशी धुकं होतं म्हणून माझ्या तिकडच्या मित्रानं तो आमच्या रीतीनं पाठवला. साहेब ऐकत राहिले.

"ही पद्धत कुठून आली?"

"मीच सुचवली, साहेब," मोठे बाबू म्हणाले. "रोजच्या निरीक्षणातून."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघत होते. "तुम्ही सांगा. कुठून शिकलात?"

आठही टेबलांवरची माणसं ऐकत होती. माझा पेला खिडकीत होता. 'घराण्याचाच धंदा' हे शब्द त्या खोलीत अजून तरंगत होते, आणि मी खरं बोललो असतो तर पुन्हा तेच हसू आलं असतं, या वेळी साहेबांच्या देखत. त्या हसण्याला मी भ्यालो. चार कोस चिखल आणि पूर यांना जो भ्याला नाही त्याचा मुलगा मी, बिस्किटासारख्या हसण्याला भ्यालो.

"मोठ्या बाबूंनी सांगितलं तसं केलं, साहेब," मी म्हणालो.

मी पक्का झालो. वस्तीत पेढे वाटले.

आठवड्याभरात भिंतीवर एक कागद लागला. खाली मोठ्या बाबूंची ऐटदार सही. सर्व लाइनींवर, सर्व दिवशी, प्रत्येक शब्द दोनदा पाठवावा व प्रत्येक शब्दाची पोच घ्यावी. प्रत्येक शब्द! कोरड्या लाइनींवरसुद्धा! पाठीमागं उभं राहून त्यांनी ठोके ऐकले होते; कोणते शब्द दोनदा आणि का, हे ठोक्यांतून ऐकू येत नाही, ते विचारावं लागतं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एका तासाच्या कामाला दोन तास लागू लागले. तारांचा ढीग साचला. धामणगावच्या कापसाच्या तारा, लग्नांच्या तारा, मयतीच्या तारा, सगळ्या एकाच रांगेत प्रत्येक शब्द दोनदा म्हणत उभ्या.

एका दुपारी एक बाई खिडकीशी आली. अंगावर गावाकडचं लुगडं, हातात आमच्या ऑफिसची तार. ती तिनं माझ्यासमोर ठेवली.

"हे कवा आलं होतं, भाऊ?"

मी वेळ वाचली. डोंगराकडे सकाळी दिलेली तार माझ्याकडे संध्याकाळी उतरली होती. बाप गेला, दुपारपर्यंत थांबतो, एवढाच मजकूर. तो मीच उतरवून घेतला होता.

"म्हंजे दुपारीच नेलं त्याईले," ती म्हणाली. ती रडली नाही की भांडली नाही. तार घडी करून तिनं कमरेला खोचली आणि गेली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

रविवारी गावी गेलो तर बा वाट बघत होता. पक्का झाल्याचं त्याला कळलं होतं, बाकी काही ठाऊक नव्हतं. त्यानं मला बसूही दिलं नाही.

"त्या सायबानं इचारलं का, हे कोनाचं म्हनून?"

"विचारलं."

"मंग तुवा काय सांगतलं?"

मी सांगितलं. कागदाचं सांगितलं, बाईचंही सांगितलं. बा तंबाखू मळत होता, मळतच राहिला.

"काम हरामाचं होतं," तो शेवटी म्हणाला. "म्या ते सोडलं, बरं केलं. पन आमचा सांगावा कोनाच्या घरी उशिरा गेला नाई."

एवढंच म्हणाला. मग आईला म्हणाला, याले भाकर दे.

सोमवारी सकाळी मी खिडकीतला माझा पेला उचलला आणि माठाजवळ नेऊन ठेवला. मग मोठ्या बाबूंच्या टेबलासमोर उभा राहिलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "ही युक्ती माझ्या बापाची आहे. तो मयतीचे सांगावे न्यायचा. प्रत्येक शब्द दोनदा नसतो सांगायचा. जो हरपला तर घात होतो तेवढाच दोनदा सांगायचा. पाणी कमी असलं तर सरळ बोलायचं. तुमच्या कागदापायी एका बाईला तिचा बाप दिसला नाही."

कोणी हसलं नाही. ज्या हसण्याला मी भ्यालो होतो ते आलंच नाही. मोठ्या बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मग साहेबांनी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

त्या माणसानं मला आयुष्यात विचारलेला हा एकच सरळ प्रश्न. मी माझ्या टेबलावर येऊन बसलो. संध्याकाळपर्यंत भिंतीवर नवा कागद लागला, महत्त्वाचे शब्दच दोनदा पाठवावेत. सही पुन्हा त्यांचीच. त्या सहीचा राग मला अजून येतो. पण तो प्रश्न मात्र त्यांच्या तोंडून आला म्हणून खोटा ठरत नाही, आणि त्याचा राग कोणावर काढायचा हे मला साठ वर्षांत कळलेलं नाही.

नात आईला घेऊन बाहेर आली. मी म्हणालो, मला काही झालेलं नाही, ती पत्रिका इकडे दे आणि पेन दे. तिनं लिहिलेल्या त्या परदेशी नावांच्या खाली जागा होती. तिथं मी माझ्या बाचं नाव लिहिलं. दोनदा लिहिलं.